खाऱ्या टाकीतला गंज

१

धनराजच्या एका पत्राला मी वेळेवर उत्तर दिलं नव्हतं. आमच्या सगळ्या ओळखीत असं एकदाच घडलं, म्हणून ते पत्र मला तोंडपाठ आहे.

"सावळ्या, माझे मासे गेले. सगळे. कोणी केलं ते मला ठाऊक आहे, पण वत्सला ऐकायला तयार नाही. तू गुरुवारी येशील तेव्हा नीट बघ, ज्याला विचारायचं त्याला विचार आणि काय ते मला लिहून कळव. तोंडी सांगू नकोस. तोंडावर तू सगळ्यांच्या होला हो करतोस. लिहिताना मात्र खोटं लिहीत नाहीस. धनराज."

धनराज गंगापूर रोडला राहतो आणि मी शरणपूर रोडला. रिक्षाने दहा मिनिटं लागतात. तरी आम्ही एकमेकांना पोस्टाने लिहितो. ही सवय त्याच्या बोटीवरच्या दिवसांची. तो मालवाहू बोटींवर इंजिनिअर होता आणि मी इथल्या एका कॉलेजात ग्रंथपाल. तो जगभरच्या बंदरांतून लिहायचा आणि मी पुस्तकांच्या मांडण्यांमधून. निवृत्त होऊन तो नाशिकला आला, तेव्हा पत्रं थांबतील असं मला वाटलं होतं. थांबली नाहीत. हळूहळू त्यांचा एक नियम झाला. हसण्याचं, भांडणाचं, राजकारणाचं जे असेल ते गुरुवारच्या चहाला. मनाला लागलेलं मात्र पोस्टाने. आणि पोस्टाने आलेल्या गोष्टीवर समोरासमोर चर्चा करायची नाही.

पत्र वाचून मी घाबरलो. मी रहस्यकथा वाचणारा माणूस आहे. नोकरीच्या काळात ग्रंथालयातलं ते कपाट मीच सगळ्यांत जास्त वापरलं. पण वाचताना माझा संशय नेहमी निर्दोष माणसावर जातो आणि खरा गुन्हेगार मला शेवटपर्यंत फार सज्जन वाटत असतो. अशा माणसाने एखाद्याच्या घरात जाऊन कोणावर बोट ठेवायचं?

आणि धनराजने कोणावर बोट ठेवलं होतं, ते मला नाव न वाचताही कळलं होतं.

२

धनराजच्या हॉलमध्ये भिंतभर काचेची टाकी आहे. नाशिकला समुद्र नाही, म्हणून मीच घरी करतो, असं धनराज म्हणायचा. गाळलेल्या पाण्यात पिशवीतलं खास मीठ मोजून घालायचं, खारटपणा तपासायचा, पाणी फिरतं ठेवायचं. पाचशे लिटरांच्या त्या समुद्रात दगडांवर जिवंत प्रवाळ होते. त्यांची बोटं पाण्यात हलायची. मासे थोडेच, पण प्रत्येकाला नाव होतं. पिवळ्या चपट्या माशाला तो कॅप्टन म्हणायचा.

पावसाळ्यात एका नव्या प्रवाळाबरोबर टाकीत जंत आले. चपटे, तांदळाच्या कणीएवढे, गंजाच्या रंगाचे, शेपटीला दोन टोकं. आधी काचेवर दोन-चार दिसले. दसऱ्यापर्यंत वाळू, दगड, प्रवाळ सगळं तांबूस झालं. जंतांनी झाकलेले प्रवाळ मिटून बसले. धनराज त्यांना गंज म्हणायचा. जन्मभर बोटीवरचा गंज खरवडला, आता तो पत्ता शोधत घरी आला, म्हणायचा. जंत खाणारा म्हणून त्याने एक मासाही आणला. त्या माशाने एक जंत तोंडात घेतला, थुंकला आणि पुन्हा त्या बाजूला फिरकला नाही. यावर आम्ही खूप हसलो होतो.

नंतर त्याचं हसणं थांबलं. टाकीसमोरची खुर्ची त्याने खिडकीकडे फिरवली. दिवाळीत तो म्हणाला, रिकामी करून टाकतो ही, नको मला.

त्या गुरुवारी मी गेलो तेव्हा टाकीतला दिवा चालू होता, पण आत काही पोहत नव्हतं. काचेवरून दोन गोगलगायी सावकाश चढत होत्या. दगडाच्या कपारीत लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी मिशा हलवत बसली होती. वत्सलावहिनींनी चहा आणून ठेवला आणि लगेच आत गेल्या. एरवी त्या माझ्यासाठी बशीत शेव जास्त घालतात आणि नको म्हटलं की रागावतात. त्या दिवशी बशीच नव्हती.

त्या दिवशी नियम मोडून धनराजने मला सगळं सांगितलं. मंगळवारी तो पिंपळगाव बसवंतला भावाच्या बागेवर गेला होता, छाटणीनंतरची कामं बघायला, आणि तिथेच राहिला. मंगळवारी दुपारी प्रफुल्ल येऊन टाकीची साफसफाई करून गेला. बुधवारी सकाळी वहिनींचा फोन आला. धनराज पुतण्याच्या पिकअपमधून धावत आला, तेव्हा कॅप्टन वाळूवर आडवा पडला होता.

प्रफुल्ल टाक्यांची देखभाल करतो. तिशीतला, कमी बोलणारा मुलगा. जंत ज्या प्रवाळाबरोबर आले, तो प्रवाळ त्यानेच आणून दिला होता. धनराजचं म्हणणं सरळ होतं. आपली चूक झाकायला प्रफुल्लने मागून काहीतरी विषारी रसायन टाकलं आणि मासे मेल्यावर हात झटकले. धनराजने त्याच दिवशी मासे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तसं लिहूनही टाकलं होतं, नावानिशी.

"आणि वहिनी काय म्हणतात?" मी विचारलं.

धनराजने हात उडवला. "ती म्हणते, मी केलं. शेळ्यांचं जंताचं औषध टाकलं म्हणे."

मला चहाचा ठसका लागला.

वत्सलावहिनी चांदवडकडच्या. माहेरी शेळ्या होत्या, अजून आहेत. प्रफुल्लवर त्यांचा मुलासारखा जीव. आणि दुसऱ्याचा दोष अंगावर घ्यायची त्यांना जुनी सवय. मोलकरणीने कप फोडला तरी तो वहिनींच्याच हातून फुटलेला असतो. पण धनराज नुसत्या समजुतीवर थांबला नव्हता. शेवटी तो इंजिनिअर. नवीन माशांना काही दिवस वेगळं ठेवायला त्याच्या बाल्कनीत खाऱ्या पाण्याची एक मोठी बादली असते, तिच्यात एक छोटा निळा मासा होता. त्याने वहिनींकडून ती औषधाची बाटली मागून घेतली आणि त्या म्हणाल्या होत्या त्याच्या दुप्पट मात्रा बादलीत ओतली.

"जा, बघून ये," तो म्हणाला.

मी बाल्कनीत गेलो. निळा मासा बादलीत गोल गोल फिरत होता. माझी सावली पडल्यावर खाणं मिळेल म्हणून वरही आला.

म्हणजे वहिनींनी गुन्हा कबूल केला होता आणि तो गुन्हा त्यांच्या हातून झालेला असूच शकत नव्हता.

३

प्रफुल्ल नाशिक रोडच्या एका कॉलनीत आईबरोबर राहतो. आमच्याच कॉलेजात शिकला, त्यामुळे मला सर म्हणतो. जय भीम घालून त्याने खुर्ची पुढे केली आणि स्वतः उभाच राहिला.

त्याच्या धंद्यात दुकान नसतं. लोक कामावर असतात, टाकी घरात असते, म्हणून लोक त्याला घराची किल्ली देतात. त्याच्या कमरेला किल्ल्यांचा भला मोठा जुडगा असायचा आणि चालताना वाजायचा. त्याची आई सांगायची, याच्या लग्नात वाजंत्री लागणार नाही. आता जुडगा खुंटीवर होता. मी बघितलं हे त्याच्या लक्षात आलं.

"किल्ल्या मागतायत सर," तो म्हणाला. "कोणी तसं तोंडावर बोलत नाही. म्हणतात, आम्ही बाहेरगावी चाललोय, पाहुणे येणारेत, किल्ली जरा देऊन जा."

मी त्याला मंगळवारचं विचारलं. त्याने नेहमीचंच काम केलं होतं. थोडं पाणी बदललं आणि नळीने थोडे जंत ओढून काढले. काच घासली नव्हती. जंत काचेवरून सुटून सगळीकडे पसरतात म्हणून तो ती घासायचा नाही. दर मंगळवारी थोडे थोडे काढायचे, असं त्याने ठरवलं होतं. एकदम का नाही, असं मी विचारलं, तर म्हणाला, मुंबईला काम शिकलो तिथे असंच करायचे, कारण कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. निघताना त्याने फोनवर फोटो काढला होता, पुढच्या वेळी फरक दिसावा म्हणून. फोटोत काच तांबूस होती आणि मागे कॅप्टन अंधुक पिवळा दिसत होता.

हा फोटो धनराजला दाखवला का? दाखवला होता. फोटो काढल्यावर रसायन टाकायला किती वेळ लागतो, असं धनराज म्हणाला होता.

त्याच्या आईने मध्येच येऊन सांगितलं की पिंपळगावच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये रात्रपाळीची जागा आहे, आठवडाभरात सांगायचंय. प्रफुल्ल तिच्यावर जरा चिडला. मासे सोडून द्राक्षांच्या पेट्या उचलायच्या का, असं काहीतरी पुटपुटला. मग माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आला.

"सर, काकूंना सांगा, माझ्यासाठी खोटं बोलू नका. त्यांच्या घरात भांडण नको."

तोही वहिनींवर विश्वास ठेवत नव्हता. आणि खरं सांगायचं, तर तोपर्यंत मीही ठेवत नव्हतो, कारण माझा संशय तिसऱ्याच माणसावर गेला होता.

४

बाल्कनीत निळ्या माशाच्या बादलीशेजारी अजून एक रिकामी बादली होती. तिच्या आतून हिरवट निळे ओघळ होते. तो रंग नाशिकमध्ये कोणालाही ओळखता येतो. द्राक्षबागांवर फवारायचं मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार. धनराजचा पुतण्या राजू पिंपळगावहून येतो तेव्हा बागेतून थेट येतो आणि हातपाय तिथेच धुतो. मंगळवारी सकाळी धनराजला न्यायला तोच आला होता. त्याच बादलीने टाकीत पाणी घातलं गेलं असेल तर? मला एकदम सगळं स्पष्ट दिसायला लागलं. असं झालं की मी सावध व्हायला हवं, हे मला पुस्तकांनी शिकवलंय, पण मी झालो नाही.

शनिवारी मी पिंपळगावची एसटी पकडली. वाचायला ग्रंथालयातून आणलेलं समुद्री प्राण्यांवरचं पुस्तक होतं. ओझर मागे गेल्यावर त्यात मला एक उतारा सापडला. तांबं माशांना थोडंफार सोसतं. माशांच्या काही रोगांवर ते औषध म्हणूनही वापरतात. पण गोगलगायी, कोळंबी, प्रवाळ यांना त्याचा अंशही चालत नाही. ते सगळ्यांत आधी मरतात.

धनराजच्या टाकीत गोगलगायी काचेवर चढत होत्या आणि कोळंबी मिशा हलवत होती.

माझा तर्क तिथेच एसटीत मेला. खरं म्हणजे मी उतरून परत फिरायला हवं होतं. पण भर रस्त्यात कंडक्टरला थांबवायला सांगायचा मला संकोच वाटला, आणि तसाच पिंपळगावला उतरलो.

राजू बागेत फवारणीचा पाइप गुंडाळत होता. मला बघून त्याला फार गंमत वाटली. "सर, तुम्ही अन् शेतात? पुस्तक हरवलं का काय?" मी इकडे सहज आलो होतो, असं म्हणालो. ते त्याला खरं वाटलं नाही. त्याने मला बांधावर बसवलं, पाणी दिलं आणि स्वतःच माशांचा विषय काढला. काकांचं लय वाईट झालं म्हणाला. प्रफुल्लचं नाव निघालं तेव्हा मात्र पुन्हा पाइप गुंडाळायला लागला.

मग म्हणाला, "काकू काय बोलत नाय का?"

त्या काय बोलल्या ते मी सांगितलं. शेळ्यांच्या औषधाचं ऐकून त्याचा हात पाइपवर थांबला.

"ते मीच आणून दिलं व्हतं. मंगळवारी सकाळी, काकांना न्यायला आलो तवा. आधीच्या आठवड्यात फोन आलता तिचा. काकांना सांगू नको, म्हणली. मला वाटलं, चांदवडला मामांच्या शेळ्यांना पाहिजे असंल."

आधीच्या आठवड्यात, म्हणजे मासे मरण्याआधी. प्रफुल्लला वाचवायला रचलेली गोष्ट आधीच्या आठवड्यात कशी रचणार?

५

मी सोमवारी गेलो. धनराज सोमवारी सकाळी दातांच्या डॉक्टरकडे जातो. त्याच्या माघारी त्याच्या घरी जाताना मला चोरासारखं वाटत होतं. वहिनींनी दार उघडलं आणि मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "भाऊजी, राजूचा फोन आला होता. बसा."

त्यांनी सांगितलं ते असं. मंगळवारी प्रफुल्ल गेल्यावर त्यांनी बाटली काढली. शेळीला औषध वजनावर देतात. टाकी पाचशे लिटरची, म्हणजे पाचशे किलोची एक शेळी, असा त्यांनी हिशोब केला. औषध मापून पातेल्यातल्या पाण्यात कालवलं आणि धार धरून टाकीत ओतलं.

"अहो, तासाभरात सगळा गंज सुटला. काचेवरून नुसता गळत होता. एवढी स्वच्छ टाकी मी पावसाळ्यापासून बघितली नव्हती. मी समोर खुर्ची ओढून चहा घेतला." त्यांनी टाकीकडे बोट केलं. "संध्याकाळी मासे वर येऊन तोंड उघडमीट करायला लागले. मला वाटलं, भूक लागली असेल. खाणं टाकलं."

मी त्यांना विचारलं, धनराजला न सांगता का केलंत? मला वाटलं, त्या चिडतील.

"ते बोटीवर असताना समुद्र त्यांना घरापासून लांब न्यायचा. या टाकीने त्यांना घरात बसवलं. तीच काढून टाकतो म्हणायला लागले." त्या पदराने खुर्चीची पाठ पुसत होत्या. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं, मी औषध टाकलं म्हणून. तर म्हणाले, तू मध्ये पडू नकोस, तुला यातलं कळत नाही. मग बादलीतला मासा आणून दाखवला. आता मलाच कळेना, भाऊजी. औषधाने मासा मरत नाही हे माझ्या डोळ्यांनी बघितलं. मग यांना कोणी मारलं?"

मी टाकीकडे बघितलं. गुरुवारीही मी तिच्याकडे बघितलं होतं आणि धनराजसारखाच मी पण फक्त मासे शोधले होते. आता काच बघितली. ती आरपार स्वच्छ होती. वाळू पांढरी होती. तो तांबूस थर कुठेही नव्हता. नाहीशा झालेल्या माशांबद्दल सगळे बोलत होते, पण त्याच दिवशी टाकीतून अजून काहीतरी हजारोंनी नाहीसं झालं होतं, त्याचा कोणी उल्लेखही केला नव्हता. धनराजने गृहीत धरलं असणार, की प्रफुल्लने काच घासली. प्रफुल्लने ती घासली नव्हती.

मी वहिनींना विचारलं की टाकीचं पाणी गाळलं जातं ती कापडी पिशवी कुठे असते. त्यांनी खालचं कपाट उघडलं. त्या मंगळवारनंतर प्रफुल्ल आला नव्हता आणि धनराजने रागाने टाकीला हात लावला नव्हता. पिशवी तशीच होती. मी ती वर उचलली. तळाशी गंजाच्या रंगाचा बुळबुळीत गाळ साचला होता. इतका घाणेरडा वास मी आयुष्यात घेतला नसेल.

"हे ते जंत?" वहिनींनी नाकाला पदर लावत विचारलं.

मी हो म्हणालो. आणि मला तो मासा आठवला, ज्याने एक जंत तोंडात घेऊन थुंकून टाकला होता.

६

घरी येऊन मी पुस्तक पुन्हा उघडलं. चपट्या कृमींवर त्यात फार नव्हतं, पण हवं तेवढं होतं. या प्राण्यांना कवच नसतं, काटे नसतात, पळून जायची ताकद नसते. तरी त्यांतल्या कित्येकांना कोणी खात नाही, कारण त्यांच्या अंगातच विष असतं.

जिवंत जंत ते विष स्वतःपाशी ठेवतो. त्याला तोंडात घेणारा मासा थुंकतो आणि शहाणा होतो. जंत एखाद-दुसरा मेला, तर पाचशे लिटर पाण्यात काही कळतही नाही. म्हणून जाणकार त्यांना थोडे थोडे ओढून बाहेर काढतात. प्रफुल्लने कारण विचारलं नव्हतं, पण रीत बरोबर शिकला होता. वहिनींच्या औषधाने मासे मारले नाहीत. त्याने फक्त जंत मारले, एका दुपारी, सगळेच्या सगळे. आणि त्या हजारो मेलेल्या जंतांनी मरता मरता जे पाण्यात सोडलं, ते एका रात्रीत माशांचा जीव घ्यायला पुरलं. गोगलगायी आणि कोळंबी त्यातून कशा वाचल्या, ते पुस्तकात नव्हतं. काहींना ते भोवतं, काहींना नाही, एवढंच.

धनराजचा प्रयोग चोख होता. फक्त त्याच्या बादलीत जंत नव्हते.

मी हे सगळं कागदावर मांडलं, उलट-सुलट तपासलं. मोरचूद असतं तर गोगलगायी गेल्या असत्या. प्रफुल्लने काही टाकलं असतं तर वहिनींच्या डोळ्यांदेखत टाकीत तांबडा पाऊस पडला तो त्यांच्या औषधानंतर का पडला असता? बाटली आधी मागवलेली होती. गाळ पिशवीत होता. सगळं जुळत होतं.

आणि तरी मी अंतर्देशीय समोर घेऊन बसलो की पेन पुढे जाईना. मी प्राणिशास्त्र शिकलेलो नाही. एका पुस्तकाच्या दीड पानावर मी चाळीस वर्षं जुन्या मित्राला सांगणार होतो, की तुझा कॅप्टन तुझ्या बायकोच्या हातून गेला. आणि त्याहून अवघड असं, की ती खरं बोलत होती आणि तू ऐकलं नाहीस. नियमाप्रमाणे तो यावर मला कधी काही बोलणार नव्हता. भांडलाही नसता. ते शांतपण मला नको होतं.

म्हणून मी लिहिलं नाही. गुरुवारी सर्दीचं कारण सांगून चहाला गेलो नाही. मनात एक तोडगा काढला होता, की पुढे कधीतरी बोलता बोलता, गमतीत, तोंडीच सांगून टाकू.

शुक्रवारी दाराची बेल वाजली. वत्सलावहिनी होत्या. एवढ्या वर्षांत त्या माझ्याकडे एकट्या कधी आल्या नव्हत्या.

७

खुर्चीवरची पुस्तकं उचलून मी त्यांना जागा केली. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि टेबलावरचं कोरं अंतर्देशीय त्यांना दिसलं.

"लिहिलं नाहीत ना?"

मी माझा तोडगा सांगितला. गमतीत, तोंडी, हळूच. सांगता सांगताच तो मला किती फुसका वाटला.

"प्रफुल्लच्या आईचा फोन होता," त्या म्हणाल्या. "उद्या तो कोल्ड स्टोरेजला हो म्हणणारे. त्याच्या एका डॉक्टर गिऱ्हाइकाची किल्लीसुद्धा काल परत गेली. मी यांना पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, तुझं मन मोठं आहे." वहिनी हसल्या, पण ते हसणं बघवत नव्हतं. "मन मोठं म्हणे. भाऊजी, मी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी इतकं खोटं बोलले, की आता माझं खरं कोणाला लागू पडत नाही. तुमचं लिहिलेलं ते मानतात. तेव्हा लिहा. आणि माझं नाव झाकू नका."

मी पेन घेतलं. मी चुकलो असेन तर, असं म्हणालोही असेन. त्या म्हणाल्या, तुम्ही चुकला असाल तर मीही चुकले असेन, दोघं मिळून ऐकून घेऊ. मग त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या, म्हणजे मला लिहिताना कोणी बघतंय असं वाटू नये.

मी लिहिलं. मासे कशाने मेले, जंतांच्या अंगात काय असतं, खालच्या कपाटातली पिशवी उघडून बघ. तुझ्या बादलीत जंत नव्हते. प्रफुल्लने काहीही टाकलेलं नाही आणि त्याला ग्रुपवर जसं नावानिशी लिहिलंस, तसंच नावानिशी आजच्या आज दुसरं लिही, तो हे काम सोडायला निघाला आहे. पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत उशीर होईल, म्हणून त्याला आज थांबायला मी सांगतो आहे. औषध वत्सलावहिनींनी टाकलं. त्या पहिल्या दिवशी जे म्हणाल्या, तेच माझं उत्तर आहे. त्यांचा हेतू चांगला होता.

वहिनींनी पत्र मागितलं. चष्मा नव्हता, म्हणून हात लांब करून सावकाश वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे काढा."

"का?"

"हेतू त्यांना माहीत आहे. तेवढंच तर ते धरून बसलेत."

मी ती ओळ खोडली. मग त्यांच्यासमोरच प्रफुल्लला फोन लावला. फोनवर बोलायला मला नेहमी त्रास होतो, शब्द सापडत नाहीत. त्या दिवशीही सापडले नाहीत, पण सोमवारपर्यंत कोणाला हो म्हणू नकोस, मी सगळं लिहिलंय, एवढं मी म्हणालो. मग तो म्हणाला, काकूंचं काय होईल सर? वहिनींनी माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याला चांगलं झापलं, तू तुझं बघ, म्हणून.

पत्र चिकटवून झाल्यावर मी म्हणालो, वहिनी, तुम्ही घरीच चालला आहात, तुम्हीच घेऊन जा, लवकर पोचेल.

त्यांनी मान हलवली. "माझ्या हातून गेलं तर ते माझंच बोलणं होईल. पोस्टाने जाऊ द्या."

आम्ही दोघं खाली उतरलो. कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी वहिनी रिक्षासाठी थांबल्या. मला वाटलं होतं की त्या पत्र पडताना बघतील, पण त्या रस्त्याकडेच बघत होत्या, आणि एका हाताने त्यांनी पेटीची कड घट्ट धरली होती. मी पत्र फटीत धरलं, अर्धं आत ढकललं, पुन्हा एकदा पत्ता वाचला आणि सोडून दिलं.

"पडलं?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"पडलं," मी म्हणालो.